मीनाबाईंचं बाळ आणि लंडनच्या कादंबऱ्या

1807 साली धारचे आनंदराव पवार वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी मीनाबाई गरोदर होत्या. घराण्यातले अनौरस वारस मुरारराव गादीवर डोळा ठेवून होते. मीनाबाई मांडवगडावर गेल्या आणि तिथे त्यांना मुलगा झाला. पुढे धारमध्ये मुराररावांनी त्यांच्या घराला वेढा घालून ते पेटवून द्यायचा घाट घातला. मीनाबाईंनी आपलं बाळ एका शेतकऱ्याच्या बाळाशी बदललं, विश्वासू माणसांबरोबर राजपुत्राला किल्ल्यात पोचवलं आणि स्वतः वेढ्यातच राहिल्या. 1823 साली लंडनला निघालेल्या माळव्यावरच्या ग्रंथात ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जॉन माल्कम यांनी ही हकिकत नोंदवली आहे.

त्याच दशकात इंग्रजी वाचकाला दोन गोष्टींची ओढ लागली होती: उमरावांचे दिवाणखाने आणि फाशीच्या वाटेवरचे दरोडेखोर. एडवर्ड बुलवर यांनी दोन्हींवर लिहिलं. त्यांच्या ‘पेल्हॅम’मध्ये (1828) छानछोकीत वाढलेला तरुण मित्रावरचा खुनाचा आळ दूर करतो. ‘पॉल क्लिफर्ड’मध्ये (1830) चोरांत वाढलेला पोरका मुलगा वाटमाऱ्या होतो आणि त्याचा न्याय करणारा न्यायाधीशच त्याचा बाप निघतो. माणसाला परिस्थिती बिघडवते आणि कायदा त्याला लटकवतो, हे बुलवर यांना सांगायचं होतं.

याच साच्यातली मराठी मुलखावरची कादंबरी त्याआधीच निघाली होती. मुंबई इलाख्यात कंपनीची नोकरी केलेल्या विल्यम ब्राउन हॉकली यांची ‘पांडुरंग हरी’ 1826 साली तीन भागांत छापली गेली. तिचा नायकही बेवारस सापडलेला पोर. छावण्या, दरबार, लुटारू यांच्यातून वाट काढत तो शेवटी थोर कुळातला ठरतो. पण प्रस्तावनेत हॉकली राजापासून रयतेपर्यंत सगळ्या हिंदूंना कृतघ्न आणि दगाबाज म्हणतात. लंडनचा चोर परिस्थितीने घडतो आणि आमच्या मुलखातला मात्र रक्तानेच तसा असतो, हा न्याय मला मान्य नाही.

मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ 1839 साली आली. तिचा नायक अमीर अली माळव्यातल्या खात्यापित्या घरचा. इंदूरच्या वाटेवर ठग त्याच्या आईबापांना मारतात आणि त्यांच्यातलाच एकजण त्याला मुलगा म्हणून वाढवतो. पुढे तो नकळत सख्ख्या बहिणीचाच जीव घेतो. इथे परिस्थितीचं भान आहे, म्हणून ही कादंबरी हॉकलींच्या पुढे जाते.

प्रत्यक्ष माळव्यात गुन्हा आणि दरबार यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. पेंढारी दौलतींच्या फौजांमागून चालत. चितू पेंढाऱ्याचं ठाणं आजच्या देवास जिल्ह्यातल्या सातवास-नेमावर भागात होतं आणि त्याला शिंद्यांचा आश्रय होता. इंग्रजांनी पेंढारी मोडले. 1818 च्या डिसेंबरात देवासच्या आणि 1819 च्या जानेवारीत धारच्या पवारांशी त्यांचे तह झाले. त्याच वर्षी पळून थकलेल्या चितूला तिथल्याच रानात वाघाने मारलं. तहाच्या कागदावर बसला तो राजा आणि बाहेर राहिला तो लुटारू, अशी वाटणी तेव्हा पक्की झाली.

‘पेल्हॅम’ सोडली तर या कादंबऱ्यांत हरवलेलं मूल आहे आणि ते बहुतेक वेळा बड्या घरचं निघतं. वाचकाचा जीव त्याच्या कुळात अडकलेला असतो. धारमध्ये उलटं घडलं. तिथे राजपुत्राच्या जागी गरिबाचं मूल ठेवलं गेलं. मीनाबाईंच्या धैर्याला मी मनापासून मानतो. पण एका आईने आपलं बाळ वाचवलं, तेव्हा दुसऱ्या आईचं बाळ आगीच्या तोंडाशी होतं, हेही तितकंच खरं.

वाचवलेला राजपुत्र रामचंद्रराव पुढे लहानपणीच वारला. मीनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्याचंही नाव रामचंद्रराव ठेवलं. शेतकऱ्याच्या मुलाचं नाव माल्कम यांनी लिहिलेलं नाही. माळव्यातल्या मराठी घरांच्या फडताळांत अजून मोडी कागद पडून आहेत. ते उघडताना राजवंशाच्या नावांबरोबर हे एक नावही शोधा.