आकडेवारीचे विश्लेषण आणि व्यवस्थापकाचा निर्णय

कोणत्याही धंद्यात हिशेबाच्या वह्या असतातच. किती माल आला, किती विकला गेला, किती शिल्लक राहिला हे गल्लीतला किराणा दुकानदारही लिहून ठेवतो. परंतु हिशेब ठेवणे वेगळे आणि त्या हिशेबावरून धंद्याची पुढची दिशा ठरविणे वेगळे. या दुसऱ्या कामालाच आज ‘डेटा अॅनॅलिटिक्स’ म्हणजे आकडेवारीचे विश्लेषण असे म्हणतात. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे, आपला नव्हे, असा समज वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांत आणि जबाबदारीच्या जागेवरील अधिकाऱ्यांतही आढळतो. तो दूर व्हावा या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

महाव्यवस्थापकाला खरेदी, विक्री, कामगार आणि पैसा या सर्वांचा मेळ घालावा लागतो. गणिते करण्यासाठी त्याच्या हाताखाली माणसे असतात. त्याचे स्वतःचे काम प्रश्न विचारण्याचे असते. हे प्रश्न मुख्यतः चार आहेत. काय घडले? ते का घडले? पुढे काय घडण्याचा संभव आहे? आणि मग आपण काय करावे? बहुतेक कचेऱ्यांतील मासिक अहवाल पहिल्या प्रश्नाशीच थांबतात. विक्री पाच टक्क्यांनी घटली, एवढे वाचून अहवाल फायलीला लागतो. खरी उपयुक्तता पुढच्या तीन प्रश्नांत आहे. हे समजण्यासाठी इंग्लंडमधील टेस्को या दुकानांच्या साखळीचे उदाहरण पाहू.

एका कार्डाची गोष्ट

काही निवडक दुकानांत आधी प्रयोग करून टेस्कोने फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘क्लबकार्ड’ ही योजना देशभर सुरू केली. ग्राहकाने खरेदीच्या वेळी कार्ड दाखवायचे आणि त्याबदल्यात खरेदीच्या सुमारे एक टक्का रकमेची कुपने त्याला घरपोच मिळायची. वरवर पाहता ही सवलतीची साधी योजना होती. प्रतिस्पर्धी सेन्सबरीने प्रथम तिला फारसे महत्त्व दिले नाही आणि पुढच्याच वर्षी स्वतःचे कार्ड काढले. परंतु टेस्कोचा हेतू केवळ सवलत देण्याचा नव्हता. कोणते कुटुंब काय विकत घेते, किती वेळा येते, कोणता माल आपल्याकडून घेतच नाही, हे तिला जाणून घ्यायचे होते.

या कामी एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या दांपत्याने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या डनहम्बी या संस्थेची मदत घेण्यात आली. त्या काळच्या संगणकांना सर्व नोंदी हाताळणे परवडणारे नव्हते. म्हणून सुरुवातीला सुमारे दहा टक्के नोंदींचा नमुना तपासून त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधला गेला. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भाताचे एक शीत चाचपून भात शिजला की नाही हे कळते, मात्र भात नीट ढवळलेला हवा. नमुना सर्व थरांतून घेतलेला असेल तर थोड्या नोंदीही पुरतात.

या माहितीचा उपयोग किंमत ठरविताना कसा झाला ते पाहा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने इंग्लंडमधील अॅस्डा ही साखळी विकत घेतली आणि स्वस्ताईची स्पर्धा तीव्र झाली. सर्वच मालाच्या किमती उतरविल्या असत्या तर टेस्कोचा नफा बुडाला असता. केळ्यांसारखा माल गरीब-श्रीमंत सर्वच घेतात. त्याची किंमत उतरविली तर ज्यांना किमतीची फिकीर नाही त्यांनाही सवलत जाते. उलट, काटकसरीने घर चालविणारे ग्राहक नेमका कोणता माल घेतात हे कार्डाच्या नोंदींवरून दिसत होते. अशा मालाच्या किमती उतरविण्यावर टेस्कोने भर दिला. मार्गारिनचा स्वस्त डबा हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. धोरण ठरविण्यासाठी आकडेवारी वापरणे म्हणजे काय ते येथे स्पष्ट होते.

आकडे कोठे थांबतात

परंतु हीच टेस्को पुढे ठेचकाळली. २००७ मध्ये तिने अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘फ्रेश अँड ईझी’ नावाची दुकाने उघडली. त्यापूर्वी तेथील कुटुंबांच्या सवयींचा अभ्यास केला होता, गोदामात नमुन्याचे दुकानही उभारून पाहिले होते. तरीही तयार जेवणाची पाकिटे, वेष्टनात बांधलेली भाजी आणि ग्राहकाने स्वतःच बिल करायची पद्धत तेथील अनेकांच्या अंगवळणी पडली नाही. त्यातच मंदी आली. २०१३ मध्ये टेस्कोने हा धंदा सोडला. त्यात तिचे एक अब्ज पौंडांहून अधिक नुकसान झाले.

याचा अर्थ विश्लेषण निरुपयोगी आहे असा नव्हे. कार्डाच्या नोंदी इंग्लंडमधील ग्राहकांविषयी बोलत होत्या, अमेरिकेतील अनोळखी ग्राहकांविषयी त्या मुक्या होत्या. एका ठिकाणचे आकडे दुसऱ्या ठिकाणी तसेच्या तसे लागू करता येत नाहीत, ही या अपयशाची शिकवण आहे.

व्यवस्थापकाने काय पाहावे

या दोन्ही अनुभवांवरून आम्हाला पुढील गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

१) आधी निर्णय कोणता घ्यायचा आहे ते ठरवावे, मग त्याला लागणारी माहिती मागावी. उलट केले तर तक्ते वाढतात, निर्णय होत नाही.

२) दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. जाहिरात दिली त्याच महिन्यात दिवाळी असेल तर विक्री कशामुळे वाढली? अशा वेळी काही दुकानांत जाहिरात करावी, तशाच दुसऱ्या दुकानांत करू नये आणि मग तुलना करावी.

३) सरासरीवर विसंबू नये. एका दुकानाचा मोठा नफा दुसऱ्याचा तोटा झाकून टाकतो.

४) ग्राहकाची माहिती ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु कायदा नसता तरी सचोटीचा धंदा करणाऱ्याने ही मर्यादा पाळलीच पाहिजे.

५) नोंदवहीत कोण नाही, हा प्रश्न नेहमी विचारावा. जो ग्राहक दुकानात येऊन रिकाम्या हाताने परतला, त्याची नोंद कोणत्याही बिलात नसते.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो केवळ मोठ्या कंपन्यांपुरता नाही. पतपेढी चालविणाऱ्यांनी हप्ता भरणाऱ्यांची यादी पाहावी आणि अर्ज करण्याचेही धाडस न करणाऱ्यांचा विचार करावा. वाचनालय चालविणाऱ्यांनी नेलेली पुस्तके मोजावीत आणि येणे बंद झालेल्या वाचकाच्या घरी एकदा जाऊन यावे.

आमच्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की आकड्यांना भिऊ नका. टक्केवारी, सरासरी आणि नमुना या तीन गोष्टी नीट समजल्या आणि संगणकावर साधा तक्ता करता आला तरी सुरुवात होते. उद्या तुमच्यापैकी कोणी व्यवस्थापकाच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा समोर सुबक तक्ते येतील. ते आदराने वाचा, पण सही करण्यापूर्वी विचारा, यात कोण आले आहे आणि कोण राहून गेले आहे?