आजीच्या पैठणीचे मोल

वारसाहक्काने हाती आलेली पैठणी थेट सराफाकडे नेली, तर तो तिची जरतार जाळून निघणाऱ्या चांदीचाच हिशेब करील, आणि कित्येक घरांतील उत्तमोत्तम वस्त्रांचा असाच निकाल लागला, हे स्मरून प्रथम पदर उलटून पाहावा. कारण निरनिराळ्या रंगांचे धागे हाताने परस्परांत गुंतवून विणलेली बांगडीमोराची नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते, आणि पाठीमागे सुटे धागे लोंबत असतील तर ते काम निराळे समजावे. जुनी अस्सल जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार; ती काळवंडली तरी हरकत नाही, परंतु झिजल्या जागी तांबूसपणा डोकावला तर तांब्याची शंका घेऊन जाणकाराकडून खातरजमा करावी. घडीवर चिरलेले रेशीम किंमत पुष्कळच उतरवते. विक्रीपूर्वी पैठणी धुऊन काढण्याचा उत्साह, माझ्या मते, त्याहून घातक. पेढीची पावती किंवा ती नेसलेल्या आजीचे छायाचित्र असल्यास तो दस्तऐवज सोबत ठेवावा. शंभर वर्षांपलीकडची वस्तू 1972च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी ठरल्यास खाजगी इसमास ती परदेशी विकता येत नाही.