जकातीच्या वहीत एक पान वाढवा
रमजानमध्ये जकात काढणारा सोलापूरचा टॉवेल-कारखानदार हिशेबाला बसतो. सूत, तयार माल, रोकड, येणे धरायचे. देणे वजा करायचे. उरलेल्यावर शेकडा अडीच. मालाला भाव आजच्या बाजाराचा. माग आणि शेड मात्र धरत नाहीत, कारण ती कमाईची साधने.

वारसांच्या वाटणीत तीही येतात. शरियतनुसार आधी दफनखर्च आणि कर्ज, मग फार तर एक तृतीयांश वसीयत, त्यानंतर पत्नी, मुलगे, मुलींचे ठरलेले हिस्से. कारखाना भावाने चालवला तरी बहिणीचा हिस्सा बुडत नाही. हिंदू एकत्र कुटुंबातही २००५च्या दुरुस्तीने मुलगी समान हक्कदार झाली.

म्हणून दरवर्षी त्याच वहीत माग-शेडची आजची किंमतही लिहावी. वडिलांच्या हातचा आकडा असला, तर भावंडांना अंदाजावर भांडावे लागत नाही.