नवी वही, जुने दप्तर

सात-बाराचा उतारा सर्वांच्या परिचयाचा असतो. फेरफाराची नोंदवही मात्र तंटा निघाला की आठवते. उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली, कोणाचे नाव केव्हा व कशामुळे लागले, हे फेरफारावरून कळते. प्रत्येक फेरफाराला गावापुरता एक चढता क्रमांक असतो. संगणकावर अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुराची किंवा आज्ञावलीची अशीच फेरफारवही ठेवणाऱ्या प्रणाली आहेत. त्यांना व्हर्जन कंट्रोल म्हणतात.

यात दोन घराणी आहेत. सबव्हर्जन या प्रणालीचे काम २००० साली सुरू झाले. तिच्यात वही एकच आणि ती मध्यवर्ती संगणकावर असते. आपण बदल पाठवला की तो संगणक त्याला पुढचा क्रमांक देतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण वहीची प्रत असते आणि नोंद आपल्याच संगणकावर होते.

समजा, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन येथील शिक्षक मिळून खाडीकाठच्या कांदळवनावर पुस्तिका लिहीत आहेत आणि तिचे दप्तर सबव्हर्जनमध्ये आहे. जुलैच्या पावसात मुरूडचे इंटरनेट दोन दिवस बंद पडले. तेथील बाईंना मजकूर सुधारता येईल, पण नोंद करता येणार नाही. पानांची नावे, फुलोऱ्याचे महिने, चित्रांचे मथळे या वेगवेगळ्या दुरुस्त्यांचा शेवटी एकच गठ्ठा होईल. कोणती दुरुस्ती का केली, ते त्यातून नंतर शोधणे कठीण.

दप्तर न बदलता यातून वाट काढता येते. एरिक वाँग यांनी २००६ साली लिहिलेला गिट-एसव्हीएन हा पूल गिटच्या वापरकर्त्याला सबव्हर्जनच्या दप्तराशी जोडतो. प्रथम तो जुनी प्रत्येक नोंद एकेक करून आणतो व तिची गिटची नोंद बनवतो. मोठ्या दप्तराला यासाठी तासन् तास लागतात. पुढे बाई आपल्या संगणकावर हव्या तितक्या नोंदी करू शकतात. संपर्क सुरू झाला की ‘रीबेस’ या आज्ञेने इतरांच्या नव्या नोंदी येतात व बाईंच्या नोंदी उचलून त्यांच्या पुढे ठेवल्या जातात. मग ‘डीकमिट’ केले की त्या एकेक करून मध्यवर्ती दप्तरात जातात.

येथे एक गमतीची अडचण आहे. गिटच्या नोंदीला क्रमांक नसतो. तसा तो देताही येणार नाही, कारण मुरूड आणि श्रीवर्धन दोन्हीकडे संपर्क तुटला असेल तर दोघेही आपल्या नोंदीला ४२ म्हणतील. म्हणून गिट नोंदीचा ठसा काढते. मजकूर, लेखकाचे नाव, वेळ, टिपण आणि आधीच्या नोंदीचा ठसा या सर्वांवर गणित करून सामान्यतः चाळीस चिन्हांची एक ओळख तयार होते. यांपैकी एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, आणि त्यामुळे पुढच्या सर्व नोंदींचेही ठसे बदलतात.

आता डीकमिटच्या वेळी काय होते ते पाहा. सबव्हर्जन क्रमांक देते. तो लक्षात ठेवण्यासाठी पूल नोंदीच्या टिपणाखाली दप्तराचा पत्ता व क्रमांक असलेली एक ओळ जोडतो. टिपण बदलले, म्हणजे ठसाही बदलला! बाईंची मूळ नोंद बाजूला पडते व तिची जुळी बहीण तिच्या जागी येते. बाईंनी तत्पूर्वी आपली प्रत परस्पर श्रीवर्धनच्या सरांना दिली असेल, तर सरांकडे जुना ठसा आणि दप्तरातून येणारा नवा ठसा, अशी एकच दुरुस्ती दोनदा दिसू लागेल. म्हणून पूल वापरणाऱ्यांनी देवाणघेवाण मध्यवर्ती दप्तरामार्फतच करावी.

श्रेयाचाही प्रश्न आहे. सरांनी लिहिलेली नोंद बाईंनी पुलावरून पाठवली, तर सबव्हर्जन नोंदकर्ता म्हणून पाठवणाऱ्याचेच नाव लावते. आमच्या मते शाळांच्या सामूहिक कामात हा दोष सर्वांत गंभीर आहे. मूळ लेखकाचे नाव टिपणात आठवणीने लिहावे. सबव्हर्जनला रिकामा फोल्डर चालतो, गिटला चालत नाही. पण अशा किरकोळ गोष्टींशी जुळवून घेता येते.

दुसऱ्याच्या दप्तराशी आपल्या साधनाने बोलणे सर्वांनाच मानवते असे नाही. लिनक्सच्या गाभ्याचे काम २००२ पासून बिटकीपर या खाजगी प्रणालीत चाले. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्या दप्तराशी बोलणारे स्वतःचे साधन लिहायला घेतले, तेव्हा कंपनीने विनामूल्य वापराची सवलतच २००५ मध्ये काढून घेतली. गिटचा जन्म त्यातूनच झाला. उलट दिशेचा पूल, म्हणजे सबव्हर्जनच्या साधनाने गिटचे दप्तर वापरण्याची सोय, गिटहबने अनेक वर्षे दिली व जानेवारी २०२४ मध्ये बंद केली.

पुलाचा एक उपयोग स्थलांतरासाठीही होतो. जुने व नवे काही काळ शेजारी चालवून ताळा पाहता येतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजणी अलिबागला हलवावी लागली, तेव्हा नानाभाई मूस यांनी १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली. त्यामुळे दोन जागांमधील फरक कळला व जुन्या आकड्यांची मालिका तुटली नाही.

हे सारे एका संगणकावर, इंटरनेटशिवाय करून पाहता येते. सबव्हर्जनचे छोटे दप्तर तयार करून त्यात एक-दोन नोंदी सबव्हर्जननेच कराव्या. मग पुलाने गिटची प्रत काढावी, तीत दोन नोंदी करून त्यांचे ठसे फळ्यावर लिहावे, आणि डीकमिटनंतर मुलांना पुन्हा वाचायला सांगावे.