तेरडा लावला आणि काकडी धरली

गेल्या पावसाळ्यात आमच्या पत्र्यावरच्या काकडीला फुले पुष्कळ आली, पण फुलामागची इवलीशी काकडी पिवळी पडून गळायची. आई म्हणायची, खत कमी पडतंय. दोष खताचा नव्हता. काकडीचे नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. एकाचे पराग दुसऱ्यावर मधमाशी नेते. आमच्या सिमेंटच्या वस्तीत ती येणार कशाला?

यंदा जूनच्या पहिल्या पावसात गावाहून आणलेले रानतेरड्याचे बी आम्ही तेलाच्या दोन डब्यांत टाकले. डब्याला खाली भोके पाडावीत, नाहीतर मुळे कुजतात. सह्याद्रीच्या उतारावर आपोआप उगवणारे हे झाड, त्याला लाड लागत नाहीत. फुलामागे बारीक वळलेली शेपटी असते, तिच्यात मध. नर्सरीतला गुलाबासारखा भरगच्च तेरडा देखणा खरा, पण त्या दाटीत माशीला वाट सापडत नाही. एकेरीच घ्यावा. डासांचा फवारा फुलांवर उडू देऊ नये. ही चूक आम्ही एकदा केली आहे.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आमच्या डब्यांत तो दीड महिना टिकला. माशा आल्या, वेलावरही गेल्या. अकरा काकड्या निघाल्या. आता पिकलेली बोंडे हात लावताच फुटतात, आणि त्यासाठी पोरांची रोज भांडणे.