शेट्टी, सुदर्शन

(१९६१ – ). समकालीन भारतीय शिल्पकार व मांडणशिल्पकार. कपबशी, किटली, मोटार, बस यांसारख्या नित्य परिचयाच्या वस्तू घेऊन कारागिरी, यंत्रगती व दृष्टिभ्रम यांच्या साहाय्याने त्यांचे रूपांतर करणे, हे त्यांच्या कलेचे प्रमुख लक्षण होय. त्यांचा जन्म मंगळूर येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह मुंबईस आले. वडील यक्षगान या लोकनाट्यप्रकारातील कलावंत होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून शेट्टी यांनी १९८५ मध्ये चित्रकलेतील पदवी घेतली व पुढे काही काळ अहमदाबाद येथील कनोरिया कलाकेंद्रात काम केले. चित्राच्या सपाट पृष्ठाकडून ते लवकरच त्रिमितीय वस्तूकडे वळले. १९९५ मधील ‘पेपर मून’ या प्रदर्शनात त्यांनी रंगविलेल्या फायबरग्लासच्या शिल्पवस्तू मांडल्या. त्यांत चित्रकाराची रंगदृष्टी अद्याप प्रबळ होती.

दृष्टिभ्रमाचे आकर्षण कलेला पुरातन काळापासून आहे. महाभारतातील मयसभेत स्थळी जळाचा व जळी स्थळाचा भास होऊन दुर्योधनाची फजिती झाली. झ्यूक्सिस या ग्रीक चित्रकाराने रंगविलेली द्राक्षे खरी समजून पक्ष्यांनी त्यांवर चोची मारल्या, अशी कथा प्लिनीने नमूद केली आहे. विसाव्या शतकात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. १९१७ मध्ये मार्सेल द्यूशाँने बाजारातील तयार मूत्रपात्रच शिल्प म्हणून प्रदर्शनासाठी पाठविले. तर १९६० मध्ये जॅस्पर जॉन्सने बिअरचे दोन डबे ब्राँझमध्ये ओतून ते हुबेहूब रंगविले. एकाने कारागिरी अजिबात वगळली, दुसऱ्याने ती हुबेहूबपणासाठी राबविली. शेट्टी या दोघांच्या मधून वाट काढतात. त्यांच्या कलाकृतींत भास निर्माण होतो खरा, पण तो ज्या सांध्यावर उभा असतो तो सांधा ते झाकीत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांची मालिका. ‘एव्हरी ब्रोकन मोमेंट, पीस बाय पीस’ या शीर्षकाचे त्यांचे प्रदर्शन २०१४ मध्ये दिल्लीत भरले होते. कपबशा, किटल्या इ. भांड्यांचे गळालेले भाग त्यांनी लाकडातून कोरून घेतले व उरलेल्या तुकड्यांना जोडले. दुरून पाहता भांडे सबंध दिसते. जवळ गेल्यावर अर्धे भांडे पांढरे, झिलईचे आणि अर्धे तपकिरी, रेषाळ असल्याचे ध्यानात येते. असे काम सोपे नव्हे. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने चिरते, तर कुंभाराच्या चाकावरील वा साच्यातील माती सर्व बाजूंनी सारखी वळते. मूळ भांड्याचा गोलावा आणि कडेची जाडी पटाशीने साधून फुटीची वेडीवाकडी रेषा जुळवावयाची, म्हणजे सुताराने कुंभाराचे काम आपल्या हत्यारांनी पुन्हा करावयाचे.

या दुरुस्तीत भांडे मात्र परत मिळत नाही. भंडाऱ्यासारख्या पितळी भांड्यांच्या जुन्या केंद्रात चिरलेले भांडे मोडीत घालता येते. धातू वितळतो व नव्या भांड्याच्या रूपाने पुन्हा घरात येतो. भाजलेल्या मातीला ही सोय नाही, तिची फूट कायमची असते. जपानी किंत्सुगी पद्धतीत तडे लाख व सुवर्णचूर्णाने सांधले जातात आणि वाडगा पुन्हा वापरता येतो. शेट्टी यांची लाकूड जोडलेली किटली चहाच्या उपयोगी उरत नाही. तिचा आकार वाचतो, उपयोग जातो; आणि घरातील माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचे जे होते, तेच येथे दिसते. फुटलेली कपबशी हा क्षुल्लक विषय राहत नाही तो यामुळे.

कल्पना कलावंताची व हात कुशल कारागिराचा, अशा विभागणीवर आक्षेप घेतला जातो. मंदिरे उभारणारा सूत्रधार व पाथरवट यांचे नाते आठवले, तर ही विभागणी नवी नाही. तथापि या मालिकेत पाहणाऱ्याला थांबविणारी गोष्ट पटाशीचे काम हीच आहे, हे मान्य करावयास हवे.

शेट्टी यांची यंत्रचलित शिल्पे अधिक गाजली. ‘लव्ह’ (२००६) या प्रदर्शनात जग्वार मोटारीच्या प्रतिकृतीशी रत झालेला डायनोसॉरचा सांगाडा होता. जत्रेतल्या खेळण्याप्रमाणे एकच हालचाल अखंड चालू राहते. पाहणारा आधी हसतो. पुढे त्या पुनरावृत्तीत जीवनाचा नव्हे, तर निर्जीवपणाचाच प्रत्यय येऊ लागतो. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१२ मध्ये उभारलेल्या ‘फ्लाइंग बस’मध्ये दुमजली बसला धातूचे पंख लावले आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून जुन्या डिझेल दुमजली बस २०२३ मध्ये हद्दपार झाल्याने या शिल्पाला कलावंताने न योजलेला स्मारकाचा अर्थ आला. मात्र एवढ्या मोठ्या आकाराच्या कामांत नवलाईचा भाग पुष्कळदा आशयावर मात करतो; कपबशीतील संयम तेथे आढळत नाही.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे हस्तव्यवसायांचे नमुने व मातीच्या प्रतिमा जपणारे मुंबईतील जुने संग्रहालय. तेथे २०१० मध्ये झालेले ‘धिस टू शॅल पास’ हे त्यांचे प्रदर्शन त्या दृष्टीने औचित्यपूर्ण होते. ‘शून्य घर’ ही चलच्चित्र व वास्तुरूप मांडणी यांचा मेळ घालणारी कलाकृती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१६ मध्ये मांडण्यात आली. कुमार गंधर्वांच्या गायनामुळे महाराष्ट्रातील रसिकांना परिचित झालेले गोरखनाथांचे निर्गुणी पद तिच्या मुळाशी आहे. जुन्या लाकडातून घर उभे राहते, पण त्यात राहणारे कोणी नसते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या तिसऱ्या पर्वाचे ते संयोजक होते. दृश्यकलावंतांच्या बरोबरीने त्यांनी कवींनाही त्यात स्थान दिले. चिलीचे कवी राउल सूरिता यांच्या ओळी वाचण्यासाठी प्रेक्षकांना पाण्याने भरलेल्या दालनातून चालत जावे लागे.