न हललेल्या मालाची मोजदाद

१९९१ ते १९९५ अशी चार वर्षे मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका ट्रान्सपोर्ट कचेरीत बिल्ट्या लिहीत होतो. माल कोणी पाठवला, कोणाला, नग किती, वजन किती, भाडे ‘पेड’ की ‘टू पे’, गाडीचा नंबर काय, एवढा मजकूर एका बिल्टीवर असे. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून सुट्या भागांचे कारखाने वाढत होते आणि आमच्या वह्याही जाड होत होत्या. मालवाहतुकीचा अभ्यास मी पुढे स्वतःच्या बळावर, जमेल तशी पुस्तके आणि सरकारी अहवाल वाचून केला. पण त्या अभ्यासाचा पहिला धडा त्या कचेरीतच मिळाला होता. तो धडा आहे हे कळायला मात्र वीस वर्षे लागली.

पैठण तालुक्यातला एक शेतकरी एकदा मोसंबीची चौकशी करायला आला. दिल्लीला भाव चांगला होता, पण त्याचा माल जेमतेम अर्ध्या गाडीचा होता. आमच्याकडे दिल्लीची गाडी पूर्ण भरतीचीच लागत असे. मालकांनी त्याला ‘दोन दिवसांनी या’ म्हणून सांगितले. झाडावरून उतरलेली मोसंबी दोन दिवस थांबत नाही. तो परत गेला तो गेलाच. बागवानाने सांगितलेल्या भावात त्याने माल दिला, असे नंतर कळले. त्या दिवशीच्या आमच्या वहीत या प्रसंगाची एक ओळही नव्हती. असणार तरी कशी? न झालेल्या फेरीची बिल्टी कोणी फाडत नाही.

हा प्रसंग मला आठवतो तो मालवाहतुकीच्या वाढीचे अंदाज वाचताना. हे अंदाज कसे तयार होतात, ते आधी पाहू.

रस्त्याच्या कडेला ठरावीक ठिकाणी सात दिवस, चोवीस तास माणसे बसवून वाहने मोजतात. दोन आसांची, तीन आसांची, त्याहून जास्त आसांची, अशी वर्गवारी करतात. काही गाड्या थांबवून चालकाला विचारतात की कुठून आलात, कुठे चाललात, काय भरले आहे. वजनकाट्यावर आसावरचा भार घेतात. मग मागच्या काही वर्षांची वाढ, राज्याचे उत्पन्न, कारखानदारी, शेतीमाल यांची सांगड घालून वाढीचा दर काढतात आणि तो दर पुढच्या पंधरा-वीस वर्षांना चक्रवाढीने लावतात. पुरेशी माहिती नसेल तर निदान ५ टक्के धरावेत, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे.

चक्रवाढ फसवी असते. ५ टक्क्यांनी वाहतूक सुमारे १४ वर्षांत दुप्पट आणि २० वर्षांत २.६५ पट होते. ७.५ टक्के धरले तर २० वर्षांत ४.२५ पट. दरात फरक अडीच टक्क्यांचा, पण एका उत्तरात चौपदरी रस्ता पुरतो आणि दुसऱ्यात पुरत नाही. देशपातळीवरचे आकडेही असेच मोठे आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ४६० कोटी टन माल हलतो आणि २०५० पर्यंत मालवाहतुकीची मागणी पाचपट होईल. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत यातला ८५ टक्क्यांहून अधिक भार रेल्वे उचलत होती. आता तिचा वाटा तिशीच्या खाली आला आहे, आणि तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेत ठेवलेले आहे.

गाड्यांच्या संख्येइतकेच त्यांचे वजनही महत्त्वाचे असते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून सतत ट्रक फिरवले गेले. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हा नियम त्यातून निघाला. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन वाढले पावणेतेरा टक्के, पण या नियमाने त्या आसाखालची झीज १.६ पट होते. म्हणजे गाड्या तितक्याच राहिल्या तरी रस्त्याचे आयुष्य बदलते. बिल्टीवर नऊ टन आणि गाडीत बारा टन हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून कागदावरच्या वजनावर आधारलेला अंदाज वाचताना मी जरा सावध असतो.

इथवरच्या चुका सुधारता येण्याजोग्या आहेत. काटे जास्त लावा, दिवस जास्त मोजा, दर तपासून घ्या. मला खटकणारी गोष्ट निराळी आहे. ही सगळी पद्धत रस्त्यावर दिसलेल्या मालापासून सुरू होते. जो माल गाडी नाही, मार्ग नाही किंवा भाडे परवडत नाही म्हणून जागचा हललाच नाही, तो तिच्या हिशेबात शून्य असतो. वाहतूकशास्त्रात याला दबलेली मागणी म्हणतात. जिथे सोय आधीपासून आहे तिथे ही मागणी थोडी असते. जिथे सोय नाही तिथे ती फार असते. मग सोय असलेल्या भागाचा अंदाज मोठा येतो, त्याला आणखी सोय मिळते, आणि नसलेल्या भागाला सांगितले जाते की तुमच्याकडे वाहतूकच नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत हे नीट पाहता येते. या भागात माल नव्हता असे इतिहास म्हणत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या बाजारपेठांची नोंद आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड, धड वाटा नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. पुढे कित्येक शतके लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ नेत राहिले.

रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला गेली. ती मीटरगेज होती आणि मनमाडवरून जाणारा मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जात नाही. त्यामुळे जालन्याच्या कापसाची प्रत्येक गासडी मनमाडला एका वाघिणीतून उतरवायची आणि दुसरीत चढवायची. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, त्यात फूटतूट आणि चोरी. ट्रकचे दिवस आल्यावर व्यापाऱ्याने काय करावे? त्याने माल ट्रकवर घातला. मालधक्क्यावरची आवक घटली. आणि रेल्वे नवा मार्ग किंवा रुंदीकरण हाती घेताना काय बघते, तर मार्गावरची वाहतूक आणि गुंतवणुकीवरचा परतावा. परताव्याची ही कसोटी दीर्घकाळ १४ टक्के होती. सोय वाईट म्हणून माल कमी, आणि माल कमी म्हणून सोय नाही, असा हा फेरा.

गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तिचे मोल मला या हिशेबात दिसते. आकडे जे सांगू शकत नव्हते ते त्यांनी आंदोलनातून सांगितले. १९९० च्या दशकात औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज आले. एकेरी मार्ग मात्र तसाच राहिला. एकेरी मार्गावर प्रवासी गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी तासन् तास बाजूच्या रुळावर उभी राहते. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ती ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली होती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण कापसाच्या काळापासून चालत आली. आता तिथे पोलाद आणि बियाणे आहे, पण खानदेशाकडे सरळ रूळ अजून व्हायचा आहे.

ताजे उदाहरण औट्रम घाटाचे. धुळे-सोलापूर महामार्ग कन्नड आणि चाळीसगावच्या दरम्यान हा घाट उतरतो. तासन् तासांच्या कोंडीला कंटाळून लोक न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे जड वाहनांना बंदी आली. ट्रक लांबच्या वाटेने जाऊ लागले. कोंडीत अडकलेल्या माणसाला दिलासा मिळाला, हे खरेच. पण उद्या कोणी घाटाच्या तोंडाशी बसून ट्रक मोजले तर ते जवळपास दिसणारच नाहीत, आणि बोगद्याची गरज त्या आकड्यांत उमटणार नाही. लांबून गेलेला ट्रक दुसऱ्या रस्त्याच्या मोजणीत सापडेल. पण जादा डिझेल परवडत नाही म्हणून चाळीसगावच्या बाजारात जायचे थांबलेले कन्नडचे अद्रक कुठल्या मोजणीत सापडणार?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दबलेल्या मागणीचे नाव घेऊन वाटेल तेवढा मोठा अंदाज बांधता येतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. एकूण ७०१ किलोमीटर. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक नगरी त्याच्या हाताशी आहे. पण रस्ता जवळून जाणे आणि रस्त्याचा उपयोग होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. या रस्त्यावर वाटेल तिथून चढता येत नाही. नागपूर-मुंबई धावणारा माल आपल्या जिल्ह्यातून शंभर किलोमीटर गेला तर टन-किलोमीटरचा आकडा फुगतो. इथल्या हमालाला, अडत्याला, शेतकऱ्याला त्यातून काही मिळतेच असे नाही.

जालन्याजवळच्या ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ च्या डिसेंबरात झाली. पायाभरणी आणि प्रत्यक्ष माल चढणे यांत वर्षांमागून वर्षे गेली. यात दिरंगाई आहेच, पण एक साधे अर्थकारणही आहे. इथून न्हावाशेवा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. कारखान्यातून निघालेला कंटेनर ट्रकने एका रात्रीत बंदरावर पोचतो. रेल्वेने पाठवायचा तर आधी ट्रकने मालस्थानकापर्यंत न्यायचा, तिथे उतरवायचा, गाडी भरेपर्यंत थांबायचे. रुळावरचे भाडे कमी असले तरी ही चढ-उतार अंगावर येते, आणि कमी अंतरात ती भरून निघत नाही. म्हणून रेल्वेचा वाटा ४५ टक्के करायचा असेल तर रुळांइतकेच लक्ष चढ-उतारीकडे द्यावे लागेल. मनमाडच्या धक्क्यावरचा जुना प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा समोर आला आहे.

मग मोजावे तरी कसे? आता ई-वे बिलामुळे प्रत्येक मोठ्या खेपेची नोंद होते, त्यातून सगळे कळेल, असे मला एका तरुण अभियंत्याने सांगितले. पूर्वी शहराच्या वेशीवरचे जकात नाकेही अशीच नोंद ठेवत आणि आम्ही त्यांना शिव्या घालत असू. ई-वे बिल त्याहून कितीतरी चांगले आहे. पण ताज्या फळांना आणि भाज्यांना वस्तू व सेवा कर नाही, म्हणून ई-वे बिलही लागत नाही. शेतकऱ्याचा त्यात फायदाच आहे. फक्त पैठणची मोसंबी आणि वैजापूरचा कांदा या नव्या वहीतूनही बाहेर राहिला. रिकाम्या गाडीचेही ई-वे बिल नसते. आणि परतीचे भाडे मिळाले नाही म्हणून रिकामी जाणारी गाडी ही मालवाहतुकीतली मोठी खबर आहे. त्या दिशेला न जुळलेला माल कदाचित जवळच कुठेतरी पडून असतो.

रिकामी गाडी ओळखणे अवघड नाही. ताडपत्री गुंडाळलेली, दोर सैल, मागच्या फाळक्याची साखळी वाजत असते, आणि जास्त चाकांच्या गाडीचा एक आस वर उचललेला असतो. पाहणी करणाऱ्याला ती सहज टिपता येईल. त्याच्या जोडीला बाजार समितीत, मालधक्क्यावर आणि ट्रान्सपोर्ट कचेऱ्यांत एक प्रश्न विचारला जावा: गेल्या हंगामात कोणाला गाडी मिळाली नाही, आणि त्या मालाचे काय झाले? उत्तरे अचूक नसतील. पण वीस वर्षांची चक्रवाढ तरी कुठे अचूक असते?

अंदाज हे भविष्यकथन नसते. कोणत्या आकड्यांना पुढे वाढू द्यायचे, याची ती निवड असते. मोजणी करणाऱ्यांनी नाक्यावर सात दिवस बसावे. जमल्यास आठवा दिवस पाचोडच्या मोसंबी बाजारात काढावा आणि माल घेऊन परत निघालेल्या माणसाशी दोन शब्द बोलावेत. आमच्या कचेरीत ते काम कोणी केले नाही. ते टेबल माझेच होते, म्हणून ही खंतही माझीच आहे.